पंख्याचं परमिट

"धम्मपाल, परमिट दे."

मच्छिंद्र बनसोडेनं फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला होता. एका हातात टेस्टर, दुसऱ्या हातात नवा कंडेन्सर आणि डोक्यावर बंद पंखा. एप्रिल संपत आलेला. मुरूम गावात दुपारी पत्रे तडतडायला लागले होते आणि बाहेरच्या खोलीतला पंखा चार दिवसांपासून मनाविरुद्ध आल्यासारखा सावकाश फिरत होता.

"कसलं परमिट, बाबा? मी मीटिंगमध्ये आहे," पलीकडून मुलगा म्हणाला.

"फॅनचं. कंडेन्सर बदलतोय. तुझ्या फोनातून बंद कर आन् म्या सांगस्तवर हात लावू नगं. बोल, दिलं?"

पुण्यात कुणीतरी हसलं. "दिलं बाबा, दिलं."

"टाइम किती झाला?"

"बारा सात."

"ल्हून ठेव."

धम्मपालनं काही लिहून ठेवलं नाही.

परमिट हा शब्द ज्यांना फक्त बारच्या पाटीवरून माहीत आहे, त्यांच्यासाठी सांगायला हवं. लाईनमन खांबावर चढायच्या आधी सबस्टेशनला फोन करतो. तिथला ऑपरेटर लाईन बंद करतो, वेळ लिहून घेतो आणि परमिट देतो. मग ज्या माणसानं परमिट घेतलं तोच खाली उतरून, स्वतःच्या आवाजात 'परमिट परत' म्हणेपर्यंत ऑपरेटर हँडलला हात लावत नाही. मधे आमदाराचा फोन येवो, लग्नात अंधार होवो, हात लावत नाही. मच्छिंद्रनं चौतीस वर्षं अशी परमिटं घेतली. किती घेतली ते त्याला माहीत नाही. परत किती दिली हे मात्र पक्कं माहीत आहे: जितकी घेतली तितकी. एखादं जरी कमी पडलं असतं तर तो आज स्टुलावर नसता, भिंतीवर हार घालून असता.

आता चौतीस वर्षं गावाची लाईन सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्या घरातल्या पंख्यासाठी पुण्याहून परमिट का घ्यावं लागलं? तर त्याला कारण होतं एक पाण्याची टाकी.

मागच्या उन्हाळ्यात मच्छिंद्र मोटर लावून विसरला. टाकी भरून वाहिली, पाणी शेजारच्या नीलम्माच्या अंगणात गेलं, तिच्या वाळत घातलेल्या कुरडया भिजल्या. असं एकदाच झालं. पण आईबापांच्या चुका मोजताना मुलं एकापासून सुरुवात करत नाहीत, दहापासून करतात. धम्मपाल दसऱ्याला आला तो सहा डब्या घेऊनच. फोनवरून बटणं चालवणाऱ्या, काडेपेटीएवढ्या डब्या. त्यानं त्या बटणांच्या मागे बसवल्या. बाहेरचा पंखा, टीव्ही, गिझर, मोटर, स्वयंपाकघरातली ट्यूब आणि ओसरीवरचा दिवा. त्या दिवसापासून बनसोड्यांच्या घरातली वीज मुरूममध्ये जळायची आणि पुण्यातून चालायची.

"तुम्ही काही करायचंच नाही, बाबा. मी बघतो," असं म्हणून तो गेला.

आणि त्यानं बघितलं, यात शंका नाही. गिझर दहा मिनिटांत बंद व्हायचा. मच्छिंद्रला अंघोळीला बारा लागायची, म्हणजे शेवटची दोन मिनिटं डोक्याला साबण आणि अंगावर गार पाणी. टीव्ही दोन तास चालला की डोळे मिटायचा. एकदा तर निवडणुकीची मतमोजणी ऐन रंगात असताना मिटला आणि कोण निवडून आलं हे मच्छिंद्रला हजामाकडून कळलं. हजाम म्हणाला, "काय तात्या, घरी करंट न्हाय का?" तो टोमणा मच्छिंद्रनं मोजून महिनाभर जपला.

सरुबाईची मात्र काही तक्रार नव्हती. रोज सात वाजता ओसरीवरचा दिवा आपोआप लागायचा. तो आपोआप लागत नाही, कामावरून निघताना धम्मपाल लावतो, हे तिला माहीत होतं. सातच्या सुमाराला ती हातातलं टाकून ओसरीवर येऊन बसायची.

"आला बगा," ती म्हणायची.

"कोन आला? बल्ब लागला," मच्छिंद्र म्हणायचा.

"त्येच की."

मेन स्विच पाडून काम करणं हा साधा उपाय होता. तो मच्छिंद्रनं दोनदा केला होता. दोन्ही वेळेला पुण्याच्या फोनात घर दिसेनासं झालं, आणि धम्मपालनं नीलम्माला फोन केला. ती बिचारी पिठाच्या हातानं धावत आली होती.

"अय्यय्यो अण्णा! तुमचा पोरगा म्हनतोय घर बंद पडलंय, बगा आहेत का न्हाईत! आहेत की! मग पोराला सांगून टाका ना, आहोत म्हनून!"

आहोत म्हणून सांगायची पाळी तिसऱ्यांदा नको, म्हणून मच्छिंद्रनं मेनला हात लावला नाही. परमिट घेतलं आणि तो स्टुलावर चढला.

पंख्याच्या वरचं झाकण खाली सरकवलं. जुना कंडेन्सर काढला, नव्याची एक वायर जोडली. दुसरी बोटात धरली.

तिकडे पुण्यात धम्मपालची बायको चैताली मेथी निवडत बसली होती. ती शाळेत शिकवायची, सुट्टी लागली होती. तिनं फोन बघितला. मुरूम, बेचाळीस अंश. पंखा बंद. 'मामा-आत्या उकाड्यात बसलेत. बिल वाचवतात, दुसरं काय,' असं तिच्या मनात आलं, आणि तिनं मेथीच्या देठांनी हिरव्या झालेल्या ओल्या बोटानं पंखा लावला. तिच्याही फोनात ते बटण होतं. धम्मपालनंच दिलं होतं. ते बापाला सांगायचं तेवढं राहिलं होतं.

सरुबाईला आधी स्टूल पडल्याचा आवाज आला, मग पक्कड पडल्याचा, आणि मग मच्छिंद्रचा.

"कोन हाय ते! परमिट हाय माझं! परमिट हाय!"

तो खाटेला टेकून जमिनीवर बसला होता. करंटनं उडवलं, आणि पडता पडता पंख्याच्या पात्यानं कोपर फाडलं. रक्त गळत होतं. वर पंखा झकास फिरत होता, कारण वायर बरोबर जागेवर चिकटली होती.

चौतीस वर्षं अकरा हजार व्होल्टच्या लाईनवर काढली, अंगाला टाका नव्हता. घरच्या दोनशे तीसनं चार घातले.

*

संध्याकाळी फोनवर सगळे रडले. आधी चैताली रडली. "मामा, माझ्याच हातानं झालं हो. मला वाटलं तुम्हाला उकडतंय." मग सरुबाई रडली. शेवटी धम्मपालही रडला. मच्छिंद्र तेवढा कोरडा होता. त्याला वाटलं, रडून झालं की आता मुलगा म्हणेल, चुकलं.

धम्मपाल म्हणाला, "बस झालं बाबा. बासष्टाव्या वर्षी स्टुलावर चढायचं तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी शनिवारी गाडी घेऊन येतो. घराला कुलूप लावू. दोघांनी इकडं कायमचं राहायचं."

मच्छिंद्रनं फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघितलं. जणू फोनातून काही घाण वास आला होता.

"करंट मला यांनी दिला," तो सरुबाईला म्हणाला, "आन् कुलूप बी मलाच?"

"काळजीनं म्हनतंय लेकरू."

"काळजीनंच बटन दाबलं हुतं की."

सरुबाई उठली. ती कपाटातून पातळं काढून खाटेवर रचायला लागली. मच्छिंद्रनं तिला रचताना बघितलं. नवऱ्यासाठी आवरतेय की स्वतःसाठी, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. अडतीस वर्षांच्या संसारात असं बरंच काही त्याच्या ध्यानात यायचं राहिलं होतं.

गुरुवारी नीलम्मा डोकावली. हाताची पट्टी बघून हळहळली आणि मग मुद्द्यावर आली. "अण्णा, तुमी तर वायरमन. त्या डब्या काढायला तुमाला किती टाइम लागतो?"

"धा मिनिटं."

"मग काढा की! कशाला वाट बगायची?"

"न्हाय. त्यो येऊ दे. चोरासारखं माझ्याच घरात काढायचं म्हंजे काय? ज्यानं बसवल्या त्यानंच काढायच्या. माझ्या परमिटवर."

नीलम्माला परमिटचं काही कळलं नाही, पण त्याच्या आवाजात तिला जुना मच्छिंद्र ऐकू आला. वादळात पडलेली लाईन जोडेपर्यंत जेवायला खाली न उतरणारा. तिनं गल्लीत जाऊन चार घरी सांगितलं, "अण्णा काय जात न्हाईत."

*

शनिवारी अकराच्या सुमाराला गाडी दारात लागली. धम्मपाल आणि चैताली उतरले. नात पौर्णिमा क्लास बुडेल म्हणून पुण्यातच राहिली होती, चैतालीच्या आईपाशी. धम्मपालनं बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, आईबापाच्या पाया पडला, आणि पाणी प्यायच्या आधीच पिशव्या मोजायला लागला.

"बाबा, तुमची बॅग?"

"भरलेली न्हाय."

"का?"

"एक काम ऱ्हायलंय. फॅनची वायर नुसती चिकटलेली हाय. जोडनी पक्की न्हाय. हात असला असता तर म्या केलं असतं." त्यानं पट्टीचं कोपर पुढं केलं. "तू चढ."

"आपण चाललोय ना? मग पंखा कशाला?"

"लाईन अर्धी सोडून जात नसतेत."

धम्मपाल इंजिनिअर होता, पण कॉम्प्युटरचा. त्यानं पंख्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. बायकोपुढं नाही म्हणवेना. तो स्टुलावर चढला. मच्छिंद्रनं त्याच्या हातात पक्कड दिली आणि दुसरा हात पुढं केला.

"फोन दे."

"कशाला?"

"तू वर हायस. ऑपरेटर म्या. परमिट मी देनार न्हाय तर कोन?"

धम्मपालनं फोन दिला. कसं उघडायचं तेही सांगितलं. मच्छिंद्रनं पंख्याचं बटण शोधलं आणि त्यावर अंगठा धरला, जरा वर, तिळभर अंतर ठेवून. खाली खाटेवर बसला. असा निवांत की पानच लावतोय.

"बंद केला बग. दिलं परमिट. घाल हात."

धम्मपालनं झाकण सरकवलं. दोन उघड्या तारा दिसल्या. त्यानं हात वर नेला आणि थांबला. खाली बघितलं. बापाचा अंगठा तिथंच होता.

"बाबा, फोन खाली ठेवा ना."

"का? भरोसा न्हाय?"

"तसं नाही. चुकून अंगठा लागला तर?"

"चुकून कसा लागंल? माया हाय माझी तुझ्यावर."

चैतालीनं पदराचं टोक तोंडाला लावलं. सरुबाई दारात उभी राहिली. धम्मपालच्या कपाळावरून घाम डोळ्यात गेला, पण पुसायला हात खाली घेववेना आणि वरही नेववेना. पुण्यात चौदा वर्षं घालवून कमावलेली भाषा त्या स्टुलावर एका झटक्यात गळून पडली.

"बाबा, ठिवा की वो त्यो फोन! जीव जाईल माझा!"

मच्छिंद्रनं फोन खाटेवर पालथा ठेवला. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून चिनीमातीचा पांढरा फ्यूज काढला आणि वर धरला.

"मेनचा फ्यूज हाय ह्यो. तू गाडीतून उतरायच्या आधीच काढून ठिवलाय. सगळं घर मेलंय. फ्रिज बी वाजंना, ऐक. त्या फोनातून काय बी दाब, तुला काय होनार न्हाय."

धम्मपालनं श्वास सोडला. आणि मग त्याला राग आला. "मग सांगितलं का नाही मला? मजा बघत होता का?"

"तू कुठं सांगितलं मला, का चैतालीच्या फोनात बी बटन हाय म्हनून?"

धम्मपाल चैतालीकडे बघायला लागला, चैताली पंख्याकडे.

"हे बग धम्मपाल," मच्छिंद्र म्हणाला. आवाज चढवला नाही. "तुला माझी फिकीर हाय. कबूल. पर ज्याला माझ्या लाईनला हात लावायचाय त्यानं मला इचारायचं. मीबी गाव अंधारात ठिवायचो, पर वर कोन चढलंय ह्ये म्हाईत असल्याबिगर कदी परमिट परत दिलं न्हाय. तुमी तिकडं बसून माझा फॅन बगता. फॅनखाली मानूस हाय का वर हाय, ह्ये तुमच्या फोनात दिसत न्हाय."

"म्हणून तर म्हणतो, आमच्याजवळ राहा. तिथं दिसाल."

"दिसायला म्या काय टीव्ही हाय का? मी हितंच ऱ्हानार. पंख्याची जोडनी आवळ, मग उतर, आन् त्या सहाच्या सहा डब्या काढून दे. तुज्या हातानं. म्या परमिट देतो."

धम्मपालनं जोडणी आवळली. उतरला. मग तासभर एकेक बोर्ड उघडत गेला. मच्छिंद्र मागून स्टूल सरकवत होता आणि सूचना देत होता. काळी हिकडं, लाल तिकडं, तार एवढी सोलू नगं, दात लावू नगं. खरं सांगायचं तर दसऱ्याला बसवताना पोरानं जोडण्या ढिल्याच ठेवल्या होत्या. मच्छिंद्रला ते बघून बरं वाटलं. हे काही बापाला शोभणारं बरं वाटणं नव्हतं, पण वाटलं. चौथ्या बोर्डापर्यंत धम्मपालचा हात बसला आणि दोघं काहीतरी जुनं बोलत हसायलाही लागले होते.

सहावी डबी ओसरीवरच्या दिव्याची. धम्मपालनं ती काढली, पिशवीत टाकली आणि बापासमोर ताठ उभा राहिला.

"काम पूर्ण. सगळी माणसं खाली. परमिट परत."

"नाव?"

"धम्मपाल मच्छिंद्र बनसोडे."

मच्छिंद्रनं फ्यूज बसवला. फ्रिज गुरगुरला. त्यानं स्वतःच्या बोटानं भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा फिरला. लाईन चालू झाल्यावर उजळलेल्या गावाकडे बघावं तसा मच्छिंद्र त्या पंख्याकडे बघत राहिला. लढाई जिंकली होती. आता चहा व्हावा, असं म्हणायला तो वळला, तर सरुबाई चपला घालत होती.

"कुठं चाललीस?"

"पुन्याला."

"अगं, मोडलं की जायचं! ऐकलं न्हाय का?"

"तुमचं मोडलं. ऐकलं सगळं." तिनं पिशवी उचलली. "तुमाला न इचारता कुनी हालवायचं न्हाय. बराबर हाय. पर मला कुनी इचारलं का, तुला जायचंय का म्हनून? त्यानं इचारलं न्हाय, तुमी बी इचारलं न्हाय. दिवा लागायचा सात वाजता, तेवढंच लेकरू घरी आल्यावानी वाटायचं. त्यो बी आज काढला. काढा. तुमचं घर हाय. मी जाते नातीपाशी."

"किती दिस?"

"म्या उतरले की सांगीन. तवर कुनी हात लावायचा न्हाय."

 जो नियम मच्छिंद्रनं तासभर घरभर फिरवला होता त्यावर त्याला बोट ठेवता येईना. धम्मपाल खाली बघून हसू दाबत होता. चैतालीनं सासूच्या हातातली पिशवी घेतली.

"मामा, आत्याला मी नीट नेते. तुम्हीही या ना. दोन दिवस तरी."

"बगू," मच्छिंद्र म्हणाला.

नीलम्मा दारात येऊन उभी होती. तिनं गल्लीला दिलेला शब्द अर्धा खरा झाला होता आणि राहिलेल्या अर्ध्याचं काय सांगायचं, याचा ती विचार करत होती. गाडी वळली. सरुबाईनं काचेतून हात केला नाही. ती समोर बघत होती, पहिल्यांदा मोठ्या गाडीत पुढं बसलेल्या माणसासारखी.

मच्छिंद्र घरात आला. दीड वाजला होता. पंखा पाच नंबरवर होता, तो तीनवर आणला. पुन्हा पाचवर केला. दहा मिनिटं गिझर लावून बंद केला. काही करायचं नव्हतं, पण कुणी अडवणारंही नव्हतं. मग तो चहा करायला स्वयंपाकघरात गेला.

फळीवर स्टीलचे अकरा डबे होते. सगळ्यांवर 'सौ. सरुबाई बनसोडे' कोरलेलं, आणि आत काय आहे हे एकावरही नाही. पहिल्यात तूरडाळ निघाली, दुसऱ्यात शेंगदाण्याचं कूट. तिसऱ्यात रवा, चौथ्यात जुनी बटणं आणि सुईदोरा. पाचव्यात चहापत्ती सापडली. तेवढ्यावर त्यानं आधण ठेवलं, आणि राहिलेले सहा उघडले. मीठ होतं, हळद होती, मेतकूट होतं. साखर नव्हती. दूध उतू जाऊन गॅस विझला. त्यानं पुन्हा पेटवला.

कपात चहा ओतून तो पंख्याखाली बसला, तेवढ्यात फोन वाजला.

"नळदुर्गच्या म्होरं आलोय," सरुबाई म्हणाली. मागे गाडीचा आवाज, चैतालीचं हसणं. "च्या घेतला का?"

"घेतोय की. समोरच हाय."

"साकर?"

"घातली. दोन चमचे."



"अवो, साकर कालच सरलीय," सरुबाई म्हणाली. "नीलम्माकडनं वाटीभर आना. मागायला लाजू नगा."

"बगू," मच्छिंद्र म्हणाला आणि फोन ठेवला.

नीलम्माचं दार सहा पावलांवर होतं. उघडंही होतं. मच्छिंद्र उठला नाही. पट्टीचा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या हातानं बशीत ओतून ओतून, त्यानं तो कडू चहा सगळा संपवला.